हंगामी होकार

एमरी सॅटर्लींनी आयुष्यात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या कुणाची तरी नोटीस एकदा चुकून त्यांच्या पेटीत पडली, तर तिलाही त्यांनी 'आपला गैरसमज झालेला दिसतो, त्याबद्दल मी दिलगीर आहे' असं उत्तर धाडलं होतं. यात दिलगीर नक्की कोणी व्हायचं, हे त्यांना टपाल गेल्यावर सुचलं. अशा माणसाच्या हातून एक पत्र अनुत्तरित राहावं, आणि तेही असं की ज्याच्या उत्तरात फक्त हो किंवा नाही एवढंच कळवायचं होतं, ही गोष्ट त्यांना बुटात शिरलेल्या वाळूसारखी बोचत होती.

पत्र जानेवारीत आलं होतं. त्यात लिहिलं होतं : 'सॅटर्ली, तुमची विद्यार्थी-योजना संपली, पण आम्हाला तराफ्यावर तुम्ही हवे आहात. ईस्टरपासून हंगामी म्हणून याल का? लेखी कळवा, म्हणजे मी कागद पुढे सरकवते. रोझलिन ट्रॅस्क.'

आता बाहेर संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या. निवृत्तांच्या सगळ्या ट्रेलर-वसाहतीत तो वास असा भरून राहिला होता की दुपारी खुर्चीत बसलेला माणूस झोपेत आहे की जागा, हे त्याचं त्यालाही सांगता येऊ नये. आणि पत्र फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं तसंच होतं.

अडुसष्टाव्या वर्षी माणूस विद्यार्थी-योजनेत कसा, हा प्रश्न वाचकांना पडेल. तो सॅटर्लींनाही अधूनमधून पडे. फ्लोरिडात साठी उलटलेल्यांना कॉलेजच्या वर्गात फुकट बसू देतात, म्हणून ते शेवाळांवरची व्याख्यानं ऐकायला गेले होते. तिथे खिडकीमागच्या मुलीनं त्यांच्यापुढे आणखी एक अर्ज सरकवला. मागे रांग होती. रांगेतल्या माणसांना आपल्यामुळे ताटकळावं लागू नये म्हणून सॅटर्लींनी न वाचताच सही केली. तो अर्ज विद्यार्थ्यांना नोकरी देणाऱ्या योजनेचा निघाला, आणि पावसाळी महिने सरता सरता ते विशी-बाविशीतल्या पोरापोरींबरोबर करमणूक-पार्कात कामाला लागले. गवती टोपी, गळ्याला लाल रुमाल, पँटीला पट्टे, असा शंभर वर्षांपूर्वीच्या नावाड्याचा पोशाख, आणि काम म्हणजे पाहुण्यांना तराफ्यातून तळ्यापलीकडच्या कासवबेटावर न्यायचं नि परत आणायचं.

ते तळं खोदून केलेलं होतं, पार्क त्याला नदी म्हणे. तळ दिसू नये म्हणून पाण्यात रंग मिसळलेला होता. बेटावरची पवनचक्की काही दळत नसे आणि तिथली गुहा सिमेंटची होती. पण सकाळी पार्क उघडण्याआधी पाण्यावर जे धुकं उतरे ते कोणी केलेलं नव्हतं, आणि एक राखी बगळा रोज त्या धुक्यात एका पायावर उभा असे. आपण खोट्या नदीत उभे आहोत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुरून, झाडांच्या पलीकडून, फिरत्या घोड्यांच्या चक्राचं संगीत येई. ते इतक्या लांबून येई की कुणाच्या तरी आठवणीतून येतंय असं वाटावं.

आणि तिथे सॅटर्ली बोलत. हे महत्त्वाचं. हा माणूस ओहायोतल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकांवर क्रमांक घालत म्हातारा झाला होता. चारचौघांत जेवायला बसला तर मीठ मागायला संकोचून अळणी खात होता. वाक्य मनात जुळेपर्यंत समोरचा माणूस विषय बदलून उठून गेलेला असे. पण तराफ्यावर काय बोलायचं ते लिहून दिलेलं होतं. 'या मंडळी, या! पाय जपून टाका, मन मोकळं सोडा! या नदीला उगम नाही की मुख नाही, हिला नुसती वळणंच आहेत!' शब्द दुसऱ्याचे होते. हसायच्या जागाही ठरलेल्या होत्या, आणि लोक तिथे खरोखरच हसत. आपण बोललो आणि माणसं हसली, हा अनुभव सॅटर्लींना अडुसष्टाव्या वर्षी प्रथम आला. संध्याकाळी ते झोपत तेव्हाही त्यांना बिछाना हलका हलका डोलतोय असं वाटे.

म्हणजे उत्तर 'हो' होतं. ते पत्र वाचतानाच ठरलं होतं. अडचण एवढीच होती की हे उत्तर त्यांना कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

पहिल्या मसुद्यात त्यांनी नुसतं 'हो' लिहिलं. ते कागदावर फार उद्धट दिसलं. दुसऱ्यात 'आपल्या पत्रानं अतिशय आनंद झाला' असं लिहिलं, पण तराफ्यांचं काम बघणाऱ्या ट्रॅस्कबाई सव्वीस वर्षांच्या, त्यांना कशाला म्हाताऱ्याचा आनंद? तिसऱ्या मसुद्यात आनंद खोडला, तर पत्र मृत्यूच्या बातमीसारखं वाचलं जाऊ लागलं. चौथ्यात नदीविषयी दोन वाक्यं आली आणि ती तराफ्यावरच्या भाषणातलीच निघाली. तेवढ्यात दार वाजलं आणि शेजारच्या ट्रेलरमधल्या व्हर्ना प्रुइट आत आल्या. व्हर्ना दार वाजवत ते परवानगीसाठी नव्हे, सूचना म्हणून.

"एमरी, अजून लिहितोयस?"

"जवळजवळ झालंय."

"पाठवू नकोस." व्हर्नांनी खुर्ची ओढली. "लगेच हो म्हटलं की किंमत जाते. माझ्या दुसऱ्या नवऱ्याला मी लगेच हो म्हटलं. तिसऱ्याला मात्र चांगलं थांबवलं."

"मग?"

"मग काय, गेला निघून. पण जाताना किती मान देऊन गेला!"

सॅटर्लींनी यावर विचार केला. त्यांना मान नको होता, तराफा हवा होता. पण हे वाक्य जुळेपर्यंत व्हर्ना फ्रिज उघडून, आत काही धड नाही असं सांगून, परत गेल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी हार्लन बॉग्ज आले. बॉग्ज हे वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष. सांडपाण्याच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना वाहून जाणारी कोणतीही गोष्ट बघवत नसे. ती अडवून तिच्यावर ठराव केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"हे बघा सॅटर्ली, ही वसाहत निवृत्तांची आहे," बॉग्ज उभ्याउभ्याच म्हणाले. "तुम्ही विद्यार्थी झालात, आम्ही डोळेझाक केली. शिकणारा माणूस निवृत्त असू शकतो, त्याला बंदी नाही. पण हंगामी? हंगामी म्हणजे तुम्ही काही महिने निवृत्त आणि काही महिने नाही."

"तसंच काहीसं."

"मग त्या नाहीच्या महिन्यांत तुम्ही इथे राहता कसे?"

"झोपायला येतो," सॅटर्ली म्हणाले. ते विनोदानं बोलले नव्हते, पण बॉग्जनी तसंच घेतलं आणि प्रकरण समितीपुढे गेलं.

समितीची बैठक चकत्या ढकलायच्या खेळाच्या पट्ट्यावर भरली. वीसेक म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन आली. डासांवर, कचऱ्याच्या गाडीवर आणि ओहायोतल्या थंडीवर चर्चा झाल्यावर सॅटर्लींचा विषय निघाला. कोणी म्हणालं, अर्धा दिवस निवृत्त मानावं. कोणी म्हणालं, माझा मेहुणा हंगामी होता, त्याचे गुडघे गेले. एका बाईंनी पार्कात फुकट जायचे पास मिळतात का ते विचारलं आणि मिळतात असं कळल्यावर त्या ठामपणे सॅटर्लींच्या बाजूच्या झाल्या. शेवटी बॉग्ज आणि व्हर्ना यांची उपसमिती नेमण्यात आली, आणि तिचा निर्णय होईपर्यंत सॅटर्लींनी उत्तर धाडू नये असं ठरलं. बॉग्ज आणि व्हर्ना एका बटाट्याच्या कोशिंबिरीवरून गेल्या वर्षापासून एकमेकांशी बोलत नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठराव एकमतानं झाला, आणि एकमताची सगळ्यांना इतकी हौस होती की खुर्च्या घडी करताना दोघातिघांनी सॅटर्लींचं अभिनंदन केलं.

असा ईस्टर उजाडला. रस्त्यावरून पार्काकडे गाड्या वाहू लागल्या, छपरांवर सामान बांधलेल्या, खिडक्यांतून पाय बाहेर काढलेल्या. सॅटर्ली आपल्या पायरीवर बसून त्या बघत. आपल्या जागेवर दुसरा कोणी उभा राहिला असेल, त्याला 'नुसती वळणंच आहेत' या वाक्यावर थांबायचं असतं हे कळलं असेल का, या विचारानं ते स्वतःच ते वाक्य पुटपुटून बघत.

त्याच आठवड्यात कपाट आवरताना गवती टोपी सापडली.

पार्काचा नियम असा की जाताना पोशाखाचा धागा न् धागा परत करायचा. सॅटर्लींनी सगळं परत केलं होतं, इस्त्री करून. टोपी तेवढी राहिली होती, आणि तिच्या फितीला त्यांच्या नावाचा बिल्लाही तसाच अडकलेला होता. सॅटर्लींना आधी घाम फुटला. मग हळूहळू त्या घामातून एक गोड कल्पना वर आली. टोपी परत करायला जावंच लागणार. गेलो की ट्रॅस्कबाई भेटणार. त्या म्हणतील, 'काय सॅटर्ली, येणार ना?' आणि मग समोरासमोर नुसती मान हलवली तरी पुरे.

व्हर्नांना हे कळलं तेव्हा त्यांनी अननसाचा उलटा केक एका डब्यात घालून गाडीत आणून ठेवला. "त्या पोरीला दे. रिकाम्या हातानं जाणाऱ्याला लोक दारातूनच बोळवतात. आणि टोपी केकवर ठेवू नकोस."

शेजारच्या आसनावर केक आला, मागे व्हर्नांनी परत करायला दिलेली ग्रंथालयाची पुस्तकं. म्हणून सॅटर्लींनी टोपी डोक्यावर घातली. पुढे जे झालं त्याला सर्वस्वी हेच कारण.

मागच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं लांबूनच टोपी पाहिली. "आजोबा! किती दिवसांनी! आज तिकडे फार गर्दी आहे, पळा, पळा!"

आपण कामावर नाही आहोत हे सांगायला सॅटर्लींनी तोंड उघडलं, पण तो इतक्या आपुलकीनं हात करत होता की त्याला खोटं पाडणं बरं दिसेना. ते पळाले. केक दोन्ही हातांत धरून माणूस जितका पळू शकतो तितके पळाले.

धक्क्यावर ट्रॅस्कबाई नव्हत्या. "बेटावर गेल्यात, फळी मोडलीय ती बघायला," तराफ्यावरचा मुलगा म्हणाला. सॅटर्ली पाहुण्यांबरोबर तराफ्यात चढले. नावाडी नवा होता. 'नुसती वळणंच आहेत' या वाक्यावर तो थांबला नाही. कोणी हसलंही नाही. सॅटर्लींनी पाण्याकडे पाहिलं.

बेटावर, तराफा लागतो त्या उतारावर मारिसोल उभी होती. पोर्तो रिकोची, योजनेतल्याच त्यांच्या तुकडीतली, आता हंगामी झालेली. हातात पाण्याकडची वाट अडवणाऱ्या साखळीचा आकडा, नजर पाण्यावर. ट्रॅस्कबाई कुठे आहेत ते तिला विचारायचं होतं. गर्दीत मोठ्यानं हाक मारणं सॅटर्लींना जन्मात जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी मागून जाऊन तिच्या खांद्याला हलकेच बोट लावलं.

आता पार्कात काम केलेल्या कोणालाही इथे डोळे मिटून घ्यावेसे वाटतील. तिथली रीत अशी की पाण्याजवळची जागा एक क्षणही मोकळी सोडायची नाही. बदलीचा माणूस येतो, तुमच्या खांद्याला हात लावतो, की तुम्ही सुटलात आणि तो अडकला. शब्द बोलायचाच नसतो. हे सॅटर्लींना झोपेतसुद्धा माहीत होतं.

"देवा, आलात!" मारिसोलनं मागे वळून टोपी पाहिली आणि आकडा त्यांच्या हातात कोंबला. "माझे पाय राहिले नाहीत आजोबा. केक कुणासाठी? नाही, नको, मी थांबले तर पडेन." आणि सुटणाऱ्या तराफ्यात उडी टाकून ती गेली.

सॅटर्ली एका हातात आकडा आणि एका हातात केक घेऊन उभे राहिले. जागा सोडणं शक्यच नव्हतं. बेटावर माणसं होती, पुढे पाणी होतं. पुढच्या तराफ्यातून तिची खरी बदली येईल, मग सगळं समजावून सांगू. त्यांनी वाक्य जुळवायला घेतलं. पुढच्या तराफ्यातून कॅल्विन आला, उंच, डुलत चालणारा. त्यानं सॅटर्लींना पाहून सलाम ठोकला.

"अरे वा, आजोबांना टाकलंय इथे! मग मला कशाला पाठवलं? बरं झालं, मी जेवून घेतो."

"कॅल्विन, वस्तुस्थिती अशी आहे की..." सॅटर्ली म्हणाले. पण वस्तुस्थितीपर्यंत पोचेतो तराफा तळ्याच्या मध्यावर होता. तिकडे जाऊन कॅल्विननं बेटावर माणूस आहे असं कळवलं, आणि त्याच तराफ्यातून, उताराच्या दुसऱ्या टोकाशी चढलेल्या ट्रॅस्कबाईही पलीकडे गेल्या होत्या. त्यांची पाठ तेवढी सॅटर्लींना दिसली.

मग ढग आले. फ्लोरिडात ते येतात तसेच, विचारपूस न करता. एक लांबलचक भोंगा वाजला. विजेचा भोंगा वाजला की तराफे बंद आणि बेटावरच्या पाहुण्यांना लाकडी किल्ल्याच्या ओसरीत घ्यायचं. हे मात्र लिहून दिलेलं होतं. सॅटर्लींचा आवाज एकदम भरदार झाला. "या मंडळी, आडोशाला या! नदी रुसलीय, तिला जरा एकटं सोडू या!" दहा-बारा माणसं मुकाट्यानं मागे आली. ओसरीतल्या भिंतीवर फोन होता. सॅटर्लींनी तो उचलला.

"कर्मचारी क्रमांक?" पलीकडून आवाज आला.

त्यांनी सांगितला.

"हा क्रमांक कोणाचाच नाही."

"बरोबर. तेच सांगायचं होतं. मी कासवबेटावर आहे, पण मी कामावर नाही."

"कासवबेटावर माणूस आहे. इथे नोंद दिसतेय."

"तो मीच."

"मग ठीक आहे," आवाज समाधानानं म्हणाला, आणि फोन बंद झाला.

पाऊस कोसळू लागला. पलीकडचा धक्का दिसेनासा झाला, मग झाडं, मग तळंही. उरलं फक्त राखाडी पडद्यामागे वाजणारं पाणी. चक्राचं संगीत थांबलं नव्हतं. ते पावसातून तुटक तुटक येत होतं, जणू कोणी खूप लांबच्या घरात पेटी शिकतंय. सॅटर्लींना वाटलं, हे बेट खालून सुटलंय आणि हळूहळू कुठेतरी निघालंय. त्यांना भीती वाटायला हवी होती. तिच्याऐवजी त्यांना लहानपणी तापात वाटे तसं हलकं वाटत होतं.

"पुढचा तराफा कधी?" एका बाईंनी विचारलं. रुंद खांद्यांच्या, पाठीवर पिशवी. त्या नेब्रास्काच्या, शाळेची बस चालवणाऱ्या आर्लीन व्हॉस, हे सगळ्या ओसरीला आधीच कळलं होतं.

"नदी घड्याळ वापरत नाही, मंडळी!" सॅटर्ली म्हणाले.

"ते कळलं. तराफा कधी?"

"या नदीला उगम नाही की..."

"मुख नाही, वळणं आहेत. येताना ऐकलं. हे बघा, मी रोज साठ पोरं बसमध्ये घालते. मला थापा पटकन ओळखता येतात. पाणी कमरेएवढंच आहे ना? चालत जाऊ का आम्ही?"

पार्कात एक वाक्य कधी उच्चारायचं नसतं. कोणी काहीही विचारो, 'मला माहीत नाही' म्हणायचं नाही. 'चला, आपण शोधून काढू' म्हणायचं. सॅटर्लींनी शोधायला इकडेतिकडे पाहिलं. सगळीकडे पाऊस होता. भाषण संपलं होतं. त्याच्या पुढे कोणी काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

ओसरीचं छत कोसळलं नाही. म्हणून ते पुढे बोलले. "चालत जाऊ नका, वीज पाण्यात उतरते. एवढं मला माहीत आहे. बाकी काही नाही. खरं तर मी इथे कामालाच नाही."

"म्हणजे?"

"टोपी परत करायला आलो होतो."

आर्लीन व्हॉस यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि सगळ्या ओसरीत पसरलं. ती हसायची ठरलेली जागा नव्हती. सॅटर्ली चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले.

"आणि त्या डब्यात काय?"

"केक. ट्रॅस्कबाईंसाठी. म्हणजे, अननसाचा."

"त्या बाई इथे आहेत?"

"नाहीत."

"मग?"

सुरी नव्हती, पार्काच्या नकाशाची घडी करून केक कापला. तुकडे वेडेवाकडे झाले. लोक भिंतीला टेकून बोटं चाटत बसले, आणि सॅटर्ली त्यांना बगळ्याबद्दल सांगू लागले, धुक्याबद्दल, झाडांना लटकणाऱ्या शेवाळासारख्या दाढ्यांतली कोणती खरी आणि कोणती तारेनं बांधलेली ते. मध्येच अडखळले, चुकीचं सांगून परत दुरुस्त केलं. कोणी उठून गेलं नाही. जायला जागाच नव्हती हे खरं, पण कोणी विषयही बदलला नाही.

"तुम्हाला ही नोकरी हवी आहे?" आर्लीननी मध्येच विचारलं.

"हो," सॅटर्ली म्हणाले.

"मग सांगा की त्यांना."

"जानेवारीपासून लिहितोय."

"आत्ता किती वेळ लागला?" त्या म्हणाल्या आणि केकचा शेवटचा तुकडा त्यांच्यापुढे केला.

पाऊस आला तसाच गेला. पहिल्याच तराफ्यातून ट्रॅस्कबाई आल्या, पिवळ्या रेनकोटात, ओल्या केसांनी. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलानं खांद्याला हात लावून सॅटर्लींना सोडवलं. पाहुणे हसतखेळत तराफ्यात चढले, मागोमाग ट्रॅस्कबाई आणि सॅटर्लीही. आर्लीन व्हॉस जाताना ट्रॅस्कबाईंना म्हणाल्या, "हा माणूस ठेवा," आणि उत्तराची वाट न बघता पुढे जाऊन बसल्या.

"सॅटर्ली," ट्रॅस्कबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि तो हळू आवाज ओरडण्याहून वाईट होता. "तुम्ही कामावर नाही आहात."

"हो. म्हणजे नाही."

"विजेचा भोंगा झाला की अहवाल द्यावाच लागतो. बेट कोणी सांभाळलं? बाहेरच्या माणसानं! मारिसोलनं जागा दिली कोणाला? बाहेरच्या माणसाला! कॅल्विन कोणाच्या भरवशावर जेवायला गेला? त्या दोघांची नोकरी जाईल, आणि तुम्हाला तिकीट काढूनसुद्धा इथे पाऊल टाकता येणार नाही. कळतंय का?"

सॅटर्लींनी डोक्यावरची टोपी काढली. आपल्या स्वतःचं काय ते ठीक. पण ती पोरगी, पाय राहिले नाहीत म्हणणारी!

"अहो, एक उत्तर धाडता आलं नाही तुम्हाला?" ट्रॅस्कबाईंचा आवाज आता फुटला. "एक शब्द! मी जागा धरून ठेवली होती. माझे साहेब रोज विचारत होते, तुमचे ते म्हातारबुवा लिहिणार आहेत का? मी म्हणत होते, लिहितील, सावकाश आहेत ते."

"हो," सॅटर्ली म्हणाले.

"हो काय?"

"येतो. मला यायचंय. पहिल्या दिवसापासून यायचं होतं." आणि मग, वाक्य न जुळवताच, "मारिसोलचा काही दोष नाही. खांद्याला हात मी लावला. अहवालात माझं नाव घाला."

ट्रॅस्कबाईंनी ओले केस कपाळावरून मागे सारले. तराफा धक्क्याला लागला. "मी खोटं लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचा लेखी होकार आजच्या शिक्क्यानं टपालात असेल, तर तुम्ही रुजू होत असलेले माणूस. लवकर आलात, एवढंच. त्याबद्दल मी तुम्हाला समज देईन आणि तिथे संपेल. पार्क बंद व्हायच्या आत टपाल उचलतात. चला!"

दोघं ओल्या रस्त्यावरून पार्कातल्या चौकाकडे, टपालपेटीकडे धावले. सॅटर्लींच्या पाकिटात लिफाफा आणि तिकीट नेहमीच असे. कागद नव्हता, तर ट्रॅस्कबाईंनी खिशातल्या वहीचं पान फाडून दिलं. कंदिलाच्या खांबावर टेकून सॅटर्लींनी लिहिलं : 'प्रिय मिस ट्रॅस्क, हो. आपला, एमरी सॅटर्ली.' लेखणी वर उचलली. 'हो' नंतर अजून काहीतरी हवं असं वाटून पुन्हा खाली टेकली.

"सॅटर्ली!"

त्यांनी पान घडी करून लिफाफ्यात घातलं, वर पत्ता लिहिला. चौकाच्या कोपऱ्यात लोखंडी, जुन्या घाटाची निळी पेटी होती. सॅटर्ली तिच्यासमोर थबकले. या चौकातल्या बँकेचं दार नुसतं रंगवलेलं होतं आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांमागे खोल्याच नव्हत्या.

"ही खरी आहे का?"

"खरी आहे हो! या रस्त्यावर हीच एक!"

त्यांनी लिफाफा फटीत सरकवला, अर्धा. अर्धा हातात राहिला. ओल्या दगडांवर उतरतं ऊन सांडलं होतं, झाडांच्या पलीकडून चक्राचं संगीत येत होतं, आणि क्षणभर त्यांना वाटलं, हे सगळं असंच राहील, लिफाफा अर्धा आत, अर्धा बाहेर. बॉग्ज, उपसमिती, 'हो' नंतर टाकलेला पूर्णविराम, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून सावकाश वाहत गेलं.

पेटीच्या पोटात किल्ली फिरली. खालचं दार उघडून एक टपालवाला गुडघ्यावर बसला होता, पुढे पोतं धरून. पोस्टकार्डं त्यात धबधब्यासारखी पडली. मग त्यानं वाकून वर पाहिलं, फटीतून लोंबणाऱ्या अर्ध्या लिफाफ्याकडे.

"टाकताय की परत नेताय?" तो म्हणाला. "माझ्या आणखी पेट्या आहेत."

"टाकतोय," सॅटर्ली म्हणाले, आणि बोटं उघडली.